डनक्विनला मुक्काम हवा

आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी काउंटीत, डिंगल नावाचं द्वीपकल्प अटलांटिकात लांबवर घुसलेलं आहे. त्याच्या पार टोकाशी डनक्विन हे गाव. वस्ती शे-दोनशेची, घरं डोंगरउतारावर विखुरलेली, बाजारपेठ म्हणावी अशी नाहीच. डिंगल शहरातून निघून स्ली हेडच्या कड्याला वळसा घालत परत डिंगलला येणारा रस्ता इथून जातो आणि बहुतेक पर्यटक त्या रस्त्यावरून जाताजाताच डनक्विन ‘करतात’. धक्क्याकडे उतरणाऱ्या नागमोडी वाटेचा वरून एक फोटो, समोरच्या बेटांचा एक, की गाडी पुढे. डब्लिनला नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळीही जोडून सुट्ट्या आल्या की याच रांगेत असतात. गाव पाहण्याची ही रीत पाहुण्याच्या आणि गावाच्याही तोट्याची आहे. डनक्विनला जायचं तर तीन-चार रात्री राहायला जावं, नाहीतर त्या कड्यावरून सूर्यास्त पाहून सरळ डिंगलला परतावं.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. डनक्विनला जायचं ते समोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटासाठी. किनाऱ्यापासून ते जेमतेम दोन किलोमीटरवर, पण मधल्या चिंचोळ्या समुद्रातले प्रवाह कुप्रसिद्ध. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज इथेच बुडालं. आजही समुद्र खवळला की भर उन्हाळ्यात बोटी सुटत नाहीत, त्यामुळे एका दुपारपुरत्या आलेल्याला बेट मिळेल की नाही हे नशिबावर. हीच अडचण बेटाचा इतिहासही आहे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे दीडशेहून जास्त माणसं राहत होती. तरुण अमेरिकेला जात राहिले, बरेचसे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. मागे राहिलेल्यांना वादळात ना डॉक्टर मिळे, ना पीठमीठ. १९४७ मध्ये अन्न संपल्याची तार त्यांनी थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना केली. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ हा दिवस बेट रिकामं करण्यासाठी ठरला, तेव्हा उरलेले होते २२ जण. त्यांतल्या काहींना डनक्विनमध्येच घरं मिळाली. आपली बोट रद्द झाली की बेटकऱ्यांचं हे दुखणं पुस्तकाशिवाय समजतं, मात्र त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावात हॉटेल बुक केलेल्याला समजून घ्यायला सवड कुठली!

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. बेटावरच्या दोनशेच्या आतल्या वस्तीने आयरिश भाषेला तीन नावाजलेली आत्मकथनं दिली, आणि तिन्हींच्या मागे कुणीतरी बाहेरचा पाहुणा आहे. १९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रँडर हा नॉर्वेचा भाषापंडित बेटावर आयरिश शिकायला आला आणि त्याचा गुरू झाला टोमास ओ’क्रोहन हा मच्छीमार. १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमचे रॉबिन फ्लॉवर आले आणि मग पुन्हा पुन्हा येत राहिले. १९१७ मध्ये आलेल्या ब्रायन केलीने टोमासला गॉर्की आणि पिएर लोती यांचं लेखन वाचून दाखवलं. कष्टकऱ्यांच्या जगण्याचंही पुस्तक होतं हे त्याला पटवायचं होतं. त्यातून उभं राहिलेलं टोमासचं आत्मचरित्र १९२९ मध्ये छापून आलं. जॉर्ज थॉमसन या पाहुण्याच्या आग्रहाने बेटावरच्या मरिस ओ’सलिव्हनने लिहिलं ते १९३३ मध्ये. पेग सेयर्स ही तर मूळची डनक्विनचीच, लग्न होऊन बेटावर गेलेली. डब्लिनहून येणाऱ्या पाहुण्यांनी गळ घातली, तिने मुलाला सांगून आयुष्य उतरवून घेतलं आणि १९३६ मध्ये पुस्तक झालं. प्रतिभा अर्थात बेटकऱ्यांचीच होती, पाहुण्यांनी ती निर्माण केली असं कुणी म्हणू नये. पण यातला एकही पाहुणा फोटो काढून निघून गेलेला नव्हता. सगळे राहिले, भाषा शिकले, चुलीपाशी बसून ऐकत राहिले.

भाषेच्या अभ्यासापायी महिनोन्महिने राहणाऱ्या विद्वानांशी सुट्टीवर आलेल्या माणसाची तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पण साध्या मुक्कामाचंही एक उदाहरण आहे. उन्हाळ्यात आयर्लंडभरची शाळकरी मुलं आयरिश शिकण्यासाठी डनक्विनसारख्या आयरिशभाषक पट्ट्यांत येतात, साधारण तीन आठवडे स्थानिक कुटुंबांत राहतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरांना सरकार अनुदान देतं. २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे फक्त ७१,९६८ भरले. अशा भाषेसाठी हा पैसा आणि ही वर्दळ किरकोळ नाही. याउलट झटपट वर्दळीचा नमुनाही डनक्विननेच पाहिला आहे. ‘रायन्स डॉटर’ या चित्रपटासाठी डेव्हिड लीनने इथल्या डोंगरावर अख्खं दगडी गाव उभारलं आणि काम संपल्यावर ते पाडलं गेलं. चित्रपट आला १९७० मध्ये, आणि त्याच वर्षी सरकारने मुलं कमी म्हणून डनक्विनची खरी शाळा बंद केली. गावकऱ्यांनी नेटाने लढा देऊन १९७३ मध्ये ती पुन्हा उघडायला लावली. चित्रपटातल्या शाळेचे अवशेष मात्र अजून पर्यटकांना दाखवले जातात.

सगळ्यात जड आक्षेप घरांचा आहे. मुक्कामी पाहुणे वाढले की सुट्टीपुरती घरं वाढतात, किमती चढतात, आणि गावच्या मुलाला गावात घर परवडत नाही. तक्रार खरी आहे, किनाऱ्यावरच्या आयरिशभाषक भागांत ती सतत ऐकू येते. पण हिवाळाभर कुलूपबंद राहणारा बंगला आणि नांदत्या घरातली एक खोली यांत फरक करायला हवा. दुसऱ्या प्रकारात पैसा घरमालकिणीच्या हातात जातो आणि घर गावाचंच राहतं. म्हणून खोली शोधताना त्या घरात कुणी राहतं का, एवढं आधी विचारावं.

राहिला प्रश्न तीन दिवस करायचं काय. मनोरंजन म्हणावं असं थोडंच आहे आणि पाऊस कधीही येतो, मुंबईसारखा कोसळत नाही, वाऱ्याबरोबर आडवा लागतो. अशा दिवशी १९९३ मध्ये उघडलेलं ब्लास्केट केंद्र बघावं, तिथे बेटावरचं जगणं आणि ही पुस्तकं नीट मांडली आहेत. उघडीप मिळाली की डनमोर हेडपर्यंत चालत जावं, आयर्लंडच्या मुख्य भूमीचं ते सर्वांत पश्चिमेचं टोक. बोटीची चौकशी मात्र रोज सकाळी करावी.