अठरा वर्षांनंतर : बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी सेवेची निवड

बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की विशेष शाळेचे दार बहुधा बंद होते. मुलगा घरी बसतो, आईवडील थकत जातात आणि ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ ही चिंता घर व्यापून टाकते. या प्रश्नाचे उत्तर पालक हयात असतानाच शोधणे अगत्याचे आहे. संकट ओढवल्यावर जी जागा मोकळी असेल तीच पत्करावी लागते.

प्रथम दिवसाची सोय

प्रत्येक प्रौढाला निवासी संस्थेची गरज असतेच असे नाही. घरी माया आहे, पण दिवस रिकामा जातो, अशा ठिकाणी दिवसकालीन केंद्र किंवा संरक्षित कार्यशाळा पुरेशी ठरते. तेथे कागदी पिशव्या, मेणबत्त्या, मसाले, रोपवाटिका यांसारखी कामे, स्वावलंबनाच्या सवयी आणि सोबत मिळते. केंद्र निवडताना जाण्यायेण्याची सोय आणि व्यक्तीला झेपेल असे काम, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ अन्वये कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून निर्णय घेताना त्या व्यक्तीची इच्छा विचारलीच पाहिजे. बोलता न येणाऱ्याची पसंतीही त्याच्या वागण्यातून कळते. काही दिवसांचा प्रायोगिक मुक्काम त्यासाठी उपयुक्त ठरतो.

निवासी संस्था पाहताना

संस्थेकडे नोंदणी प्रमाणपत्र असणे कायद्याने आवश्यक आहे. ते प्रथम पाहावे. त्यानंतर भेट द्यावी ती समारंभाच्या दिवशी नव्हे, तर एखाद्या साध्या दिवशी, जेवणाच्या वेळी. रात्री जागे कोण असते? स्त्रियांसाठी स्त्री काळजीवाहक आहेत काय? स्नानगृहाला दार आहे काय? औषधांची नोंद कोण ठेवतो? प्रत्येकाचे कपडे स्वतःचे आहेत काय? नातेवाईक केव्हाही येऊ शकतात काय? भेटीवर बंदी असलेली संस्था टाळणेच इष्ट.

मोठ्या वसतिगृहाखेरीज अन्य मार्गही आहेत. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील कोळवण येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘साधना व्हिलेज’मध्ये बौद्धिक दिव्यांग प्रौढ छोट्या घरांतून कुटुंबासारखे राहतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ-सह-घरौंदा’ योजनेतही प्रौढांच्या निवासाची तरतूद आहे. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेखाली वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

पालकत्वाची तजवीज

मूल सज्ञान झाल्यावर आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. जिल्हाधिकारी या समितीवर असतात. नेमणुकीपासून ६ महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी समितीला द्यावयाची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. पालकाने हेळसांड किंवा अपहार केल्यास त्याला दूर करण्यासाठी नातेवाइकांना अर्ज करता येतो.

गावाचे कर्तव्य

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. पंचायत सदस्यांनी गावातील अशा प्रौढांची नोंद घेऊन पालकांना अर्जासाठी साहाय्य करावे; शिक्षकांनी विद्यार्थी सोळा वर्षांचा होताच पालकांशी पुढील योजनेची चर्चा सुरू करावी. वेळीच केलेली ही तजवीज आईवडिलांची चिंता हलकी करील आणि त्यांच्या अपत्याला हक्काचे घर देईल.