गोडवा पळतोय, पकड त्याला!

ओळख बघू! बाजारातून आणलेलं मक्याचं कणीस ओट्यावर पडलंय. हलत नाही, बोलत नाही. मग ते करतंय तरी काय?

ते श्वास घेतंय!

हो, अगदी खरं! झाडावरून तोडलं म्हणून कणीस लगेच मरत नाही. त्याचा एकेक दाणा जिवंत असतो. तो हवेतला ऑक्सिजन आत घेतो, स्वतःजवळची साखर थोडी थोडी वापरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. हे करताना ऊब तयार होते. म्हणून ताज्या कणसांचा मोठा ढीग रचून ठेवला, तर तो आतून चक्क गरम होतो! चूल नाही, ऊन नाही, तरी गरम!

आणि त्याच वेळी दाण्यांच्या आत आणखी एक भन्नाट गोष्ट चाललेली असते. ती कळली ना, की कणीस कसं निवडायचं, कुठे ठेवायचं आणि कधी खायचं, हे तुला कुणी सांगावंच लागणार नाही. पण आधी कणीस सोलूया!

टोकाला तो केसांचा झुपका दिसतोय ना? सोलताना आपण तो ओढून टाकतो. थांब, आज टाकू नकोस! त्यातला एकच केस चिमटीत धर आणि तो कुठे जातो ते हळूहळू शोध.

सापडलं? तो थेट एका दाण्यापाशी पोहोचतो! दुसरा केस दुसऱ्या दाण्यापाशी. तिसरा तिसऱ्यापाशी. जितके दाणे, तितके केस! एका कणसावर काहीशे दाणे असतात. म्हणजे केसही काहीशे!

हे केस म्हणजे खरं तर मक्याच्या मादी फुलांचे भाग. नर फुलं कुठे असतात? पार वर, शेंड्यावरच्या तुऱ्यात! तुऱ्यातले परागकण वाऱ्यावर उडतात आणि खालच्या केसांवर येऊन चिकटतात. मग परागकणातून एक अतिशय बारीक नळी निघते. ती केसाच्या आतून वाढत वाढत थेट तळापर्यंत जाते. केवढा लांबचा प्रवास! तरी साधारण एका दिवसात तो पुरा होतो. नळी पोहोचली, की तिथे दाणा धरतो.

आणि एखाद्या केसावर परागकण पडलाच नाही तर? मग तिथे दाणाच नाही! कणसात मध्येच एखादी जागा रिकामी दिसते ना, ती अशी. टोकाकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात. म्हणून कणसाचं टोक बऱ्याचदा बोडकं राहतं.

आता एक जादू. कणीस मधोमध धर आणि दाण्यांच्या उभ्या ओळी मोज. किती आल्या? थांब, सांगू नकोस. सम संख्या आली ना? 12, 14, 16 किंवा 18! मक्याची फुलं कणसावर जोडीजोडीनं येतात. एका जोडीच्या दोन ओळी होतात. म्हणून ओळींची बेरीज सम! एखाद्या कणसात ओळी वाकड्यातिकड्या होऊन मोजणं चुकतं, पण नीट ओळींचं कणीस बहुतेक कधीच फसवत नाही. घरात कुणाशीही पैज लाव!

आता ती भन्नाट गोष्ट. दाण्याच्या आत काय चाललंय?

मक्याचा दाणा म्हणजे डबा आहे, डबा! आई तुझ्यासाठी शाळेचा डबा भरते ना? तसाच मक्याच्या रोपानं आपल्या बाळासाठी भरलेला डबा. दाण्याच्या निमुळत्या टोकाशी एक इवलासा अंकुर असतो. तो झाला बाळ. बाकीचा दाणा म्हणजे त्याचा खाऊ. बाळाला जमिनीत रुजून स्वतःची पानं फुटेपर्यंत तो खाऊ पुरायला हवा.

हा खाऊ येतो कुठून? मक्याची हिरवी पानं उन्हात साखर तयार करतात आणि ती दाण्याकडे पाठवतात. पण पातळ गोड रसाचा डबा किती दिवस टिकणार? बाळाला तर कित्येक महिने वाट पाहावी लागेल! म्हणून दाणा काय करतो, तर साखरेचा टिकाऊ कोरडा खाऊ बनवतो. त्याचं नाव पिष्ट, म्हणजेच स्टार्च.

पिष्ट साखरेपासूनच होतं. साखरेचे अगदी सूक्ष्म कण एकमेकांना जोडले जातात. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी शेकडो-हजारो कणांची लांबच लांब साखळी! हे जोडायचं काम एन्झाइम नावाचे रेणू करतात.

आता गंमत बघ. सुटे कण जिभेला गोड लागतात. पण त्यांची मोठी साखळी झाली, की जिभेला ती ओळखूच येत नाही! साखर तीच, पण गोडवा गायब!

पटत नाही? मग पोळीचा एक घास तोंडात घे आणि खूप, खूप वेळ चाव. हळूहळू गोड लागायला लागेल! तुझी लाळ पोळीतल्या पिष्टाच्या साखळ्या तोडते आणि त्यातून साखर सुटी होते. आहे की नाही कमाल?

साधा मका साखळ्या जोडण्यात पटाईत असतो. म्हणून त्याचं पीठ होतं, भाकरी होते. मग स्वीट कॉर्न गोड का? कारण त्याच्या जनुकांत, म्हणजे आईबाबांकडून मिळालेल्या सूचनांत, एक छोटासा बदल झालेला असतो. त्यामुळे साखळ्या जोडायचं काम रेंगाळतं आणि डब्यात साखर खूप उरते! शिवाय ते कोवळंच तोडतात, दाण्यात दुधासारखा रस असतानाच.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन नावाचे शास्त्रज्ञ मक्याच्या जनुकांचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडे मक्याचा एक विचित्र प्रकार होता. वाळला की त्याचे दाणे आक्रसून सुरकुतून जायचे. दिसायला अगदी ओंगळ! पण चवीला? कमालीचे गोड! डब्यात पिष्ट फारसं भरलंच नव्हतं, म्हणून दाणा खपाटीला गेलेला. साखर मात्र भरपूर. 1953 साली त्यांनी हे शोधनिबंधात मांडलं. त्यातूनच पुढे 'सुपरस्वीट' मका आला. कुरूप दाण्यात केवढा खजिना!

पण आता घाई कर! कारण कणीस तोडलं, तरी दाण्यांना ते कळत नाही. ते आपले साखर वापरत राहतात आणि साखळ्याही जोडत राहतात. झाडाकडून नवी साखर येणं मात्र बंद! म्हणजे तासातासाला गोडवा कमी कमी!

किती कमी? अंदाज कर बघू. जुन्या प्रकारचं स्वीट कॉर्न 30 अंश सेल्सिअसच्या उकाड्यात ठेवलं, तर एका दिवसात जवळजवळ निम्मी साखर संपते. निम्मी! आणि तेच बर्फाइतक्या थंडीत, 0 अंशाला ठेवलं तर? शंभरातले जेमतेम आठ भाग जातात. थंडीत एन्झाइमचं काम मंदावतं आणि दाण्यांचा श्वासही. सुपरस्वीट मक्याचा गोडवा जास्त टिकतो, पण गारवा त्यालाही हवाच.

आता तूच सांग, बाजारात काय बघायचं?

पहिलं म्हणजे साल. ती हिरवीगार आणि कणसाला घट्ट लपेटलेली हवी. दुसरं म्हणजे खालचा देठ. तो ओलसर हवा. सुकून तपकिरी झाला असेल, तर कणीस तोडून बरेच दिवस झालेत. तिसरं म्हणजे केस. त्यांची टोकं तपकिरी असली तर छान, ती तर कणीस भरल्याची खूण! पण केस काळे आणि बुळबुळीत झालेले नकोत. मग सालीवरूनच अंगठ्यानं हलके चाचपून बघ. दाणे टोकापर्यंत टपोरे लागतात का?

आणि हो, विकत घेण्याआधी कणसं सोलून बघू नकोस! साल निघाली की दाणे सुकायला लागतात. साल म्हणजे त्या सगळ्या डब्यांवरचं घट्ट झाकण!

घरी आणलं की सालीसकट पिशवीत घालून सरळ फ्रिजमध्ये. दोन दिवसांत संपवलंस तर उत्तमच. आणल्या दिवशी खाल्लंस तर त्याहून उत्तम!

शिजवायचं कसं? अगदी सोपं! आईला, बाबांना किंवा आजोबांना सोबत घे. पाणी खळखळ उकळलं की सोललेली कणसं त्यात सोडायची. पाचेक मिनिटांत तयार! देशी मक्यासारख्या कुकरच्या शिट्ट्या नकोत. आणि उकळत्या पाण्यात काय होतं ठाऊक आहे? उष्णतेनं एन्झाइम कायमचे बंद पडतात. साखळ्यांचं काम थांबलं! उरलेला गोडवा तुझा!

हीच युक्ती साठवणीसाठीही चालते. कणसं चार मिनिटं उकळायची, लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवून गार करायची, मोठ्यांनी सुरीनं दाणे काढायचे आणि कोरडे करून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचे. मग मका बाजारातून गेला, तरी कित्येक महिने उसळीला, पुलावाला, सूपला दाणे हजर! पण न उकळता तसेच ठेवले तर? फ्रीझरमध्येही एन्झाइम हळूहळू काम करत राहतात आणि चव बिघडते. असे चिवट आहेत ते!

शिजताना तो घमघमाट येतो ना, त्यातही एक गुपित आहे. त्या वासात डायमिथाइल सल्फाइड नावाचा पदार्थ असतो. हाच पदार्थ आणखी कुठे सापडतो, सांग बरं? समुद्राच्या वासात! कोकणातला किनारा आणि मक्याचं पातेलं, दोन्हीकडे एकच पाहुणा!

आणि पावसात सिंहगडावर निखाऱ्यांवर भाजतात ती कणसं? त्यासाठी देशी मका झकास. त्यात पिष्ट जास्त आणि पाणी कमी, म्हणून भाजल्यावर तो खमंग लागतो. वर लिंबू, मीठ, तिखट! इंदूरला तर मका किसून, तुपात परतून, दुधात शिजवून त्याचा कीस करतात. तिथल्या मराठी घरांतही तो आवडीनं होतो. किसायला दाणे कोवळे हवेत, बरं का!

आता तुझी पाळी! एकाच ढिगातून दोन सारखी कणसं घे. एकाला दोरा बांध आणि सालीसकट फ्रिजमध्ये ठेव. दुसरं ओट्यावरच राहू दे. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकाच पातेल्यात, सारखाच वेळ उकड. मग घरातल्या कुणाचे तरी डोळे बांध आणि दोन्हींचे दाणे भरव. विचार, जास्त गोड कोणतं?

दोरावालं जिंकलं, तर गोडवा पळाल्याचा पुरावा तुला मिळाला! दोन्ही सारखीच गोड लागली, तर तुला बहुतेक सुपरस्वीट मिळालंय. दोन्ही उत्तरं वहीत लिहिण्यासारखी! आणि प्रयोग झाल्यावर सगळं साहित्य खाऊन टाकायला परवानगी आहे!