करंट धावतो किती?

दातिवऱ्याला वैतरणेच्या मुखाशी, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी लागली की मच्छीमार म्हणतात, "पाण्याला करंट आहे." विजेच्या तारेतही करंटच! शिवाय बँकेत करंट अकाउंट, परीक्षेत करंट अफेअर्स. मूळ एकच, धावणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद 'कुर्रेरे'. मराठीने खात्याला आणि घडामोडींना 'चालू' म्हटले. आपण चालण्यावर भागवले!

पण तारेतले इलेक्ट्रॉन खरेच धावतात का? बॅटरीच्या तारेत ते सहसा सेकंदाला एक मिलिमीटरही सरकत नाहीत. घरच्या विजेत तर सेकंदाला ५० वेळा जागच्या जागीच पुढेमागे हलतात. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथील तारेतला इलेक्ट्रॉन दातिवऱ्याच्या दिव्यापर्यंत कधीच येत नाही; येते ती ऊर्जा. मच्छीमारांचा करंट मात्र खरोखर धावतो, प्रसंगी होडीसकट.