अंगठा चार वेळा हलतो

सकाळचे सव्वाआठ. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर. रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या परवानगीने मी भिंतीला पाठ लावून उभा आहे. "हिरव्या कापडापासून दोन हात लांब," एवढीच अट सिस्टरांनी घातली आहे.

टेबलावर कल्याणच्या काकू बसल्या आहेत. वय ६१, वजन ५४ किलो. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ. ती पोटाच्या भिंतीला चिकटली असावी अशी शंका आहे, म्हणून दुर्बीण नाही, पोट उघडूनच ऑपरेशन.

"काकू, उशी पोटाशी धरा. हनुवटी छातीला लावा. आता पाठ मांजरीसारखी बाहेर काढा," भूलतज्ज्ञ मॅडम मागून सांगतात. त्या डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने आल्या आहेत. वॉर्डातले मामा समोरून काकूंचे खांदे धरतात. मणक्यांच्या मधून सुई हळूहळू पुढे सरकते आणि एका क्षणी सिरिंजचा दट्ट्या एकदम सैल पडतो. तिथून केसासारखी बारीक नळी आत जाते. ही एपिड्युरल. पोटाकडून मेंदूकडे जाणारे वेदनेचे निरोप इथेच अडवायचे आहेत.

काकू आडव्या होतात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. "गावाला जायचंय असं समजा. कुठलं गाव तुमचं?" "मुरबाडच्या पुढे..." गावाचं नाव पुरं होत नाही. आधी वेदनाशामक फेंटानिल गेलंय, मागोमाग झोप आणणारं दुधाळ रंगाचं प्रोपोफॉल. पापणीला बोट लावलं तरी ती मिटत नाही.

मॅडम काकूंच्या मनगटावर दोन चिकटपट्ट्या लावतात, त्यांना वायरी जोडतात आणि एक बटण दाबतात. काकू गाढ झोपेत आहेत, पण त्यांचा अंगठा टुक, टुक, टुक, टुक असा चार वेळा आत वळतो. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने विजेचे चार हलके झटके. थिएटरमध्ये याला 'ट्रेन ऑफ फोर' म्हणतात.

आता फ्रिजमधून आणलेलं ॲट्राक्युरियम. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं, तेव्हा स्नायू आवळतो. हे औषध ती जागाच अडवतं. मॅडम पुन्हा बटण दाबतात. अंगठ्याचा चौथा झटका क्षीण येतो. मग तिसरा, दुसरा. तीन मिनिटांच्या आत अंगठा स्थिर. छातीही हलायची थांबली आहे. आता श्वास मॅडमच्या हातातल्या काळ्या फुग्यातून.

या औषधाचं घराणं जुनं आहे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावत ते कुरारे हा त्याचा पूर्वज. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या एका ऑपरेशनात ते भुलेसोबत वापरलं. तोवर पोट सैल पडण्यासाठी रुग्णाला ईथरच्या जिवावर बेतणाऱ्या खोलीपर्यंत न्यावं लागे. पण सैल पडलेल्या माणसाला काही कळतं का, हा प्रश्न उरलाच होता. १९४७ मध्ये स्कॉट स्मिथ या अमेरिकन डॉक्टराने कुरारे स्वतःच्याच शरीरात टोचून घेतलं. पापणीसुद्धा उचलता येत नव्हती, श्वास दुसऱ्यांनी द्यावा लागत होता. पण त्याला सगळं ऐकू येत होतं, आठवत होतं, दुखतही होतं. स्नायू सैल करणारं औषध झोपही देत नाही आणि वेदनाही थांबवत नाही. म्हणून मॅडमच्या ट्रेमध्ये प्रत्येक कामाची वेगळी सिरिंज आहे आणि प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी.

मॅडम काकूंचा जबडा उघडतात आणि लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेवरून सरकवून श्वासनळीत नळी घालतात. तेवढ्यात मॉनिटरची टिकटिक भरभर व्हायला लागते. नाडी ७६ होती, ती १०४ वर जाते. वरचं ब्लडप्रेशर १२८ वरून १६२.

"बघितलंत?" मॅडम मास्कआडून विचारतात. "अंग लुळं पडलंय, पण आत सगळं जागं आहे."

पोटावर चीर पडते. मी पुन्हा आकड्यांकडे बघतो. या वेळी नाडी जेमतेम सहाने वाढते. एपिड्युरलने निरोप खालीच धरून ठेवला आहे. पण सगळे निरोप मज्जातंतूंवाटे जात नाहीत. कापल्या गेलेल्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं थेट रक्तात सोडतात आणि ती कुठल्याच नळीने अडत नाहीत. मेंदूतलं हायपोथॅलॅमस पिट्युटरीला हुकूम देतं, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल चढत जातं. कॅन्सर काढायला आलेला सर्जन आणि शिकार करायला आलेला वाघ यांच्यात शरीर फरक करत नाही. जखम झाली, म्हणजे साखर बाहेर काढायची, पाणी धरून ठेवायचं आणि लढायची तयारी करायची.

दोन तासांनी मॅडम काकूंच्या रक्ताचा एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतात. १६१. सकाळी उपाशीपोटी ९८ होती. काकूंना मधुमेह नाही, सलाइनमध्ये साखर नाही. ही साखर त्यांच्याच यकृताने सोडली आहे.

"मॅडम, पोट टाइट होतंय," सर्जन मान वर न करता म्हणतात.

बटण. अंगठा दोनदा हलतो. औषध उतरतंय. आणखी १० मिलिग्रॅम जातं. पोटाची भिंत पुन्हा सैल होते आणि आतडी जखमेकडे ढकलली जायची थांबतात. सर्जन गाठीला शक्य तितका कमी हात लावत आधी तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधतात. हाताळणीत कॅन्सरच्या काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात, आणि अशा पेशींना टिपणाऱ्या 'नैसर्गिक मारक पेशी' ऑपरेशनच्या याच दिवसांत, कॉर्टिसॉल आणि ॲड्रीनलिनच्या माऱ्याखाली, मंदावलेल्या असतात.

"मग भूल बदलली तर कॅन्सर परत यायचा टळेल?" मी विचारतो.

"आम्हालाही तसंच वाटत होतं," मॅडम म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर डॅनियल सेसलर यांच्या गटाने चाचणी घेतली. निम्म्यांना छातीतल्या नसा बधिर करून प्रोपोफॉलची भूल, निम्म्यांना वायूची भूल आणि अफूवर्गातली वेदनाशामकं. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. रोग परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं.

टाके घालून होतात. अंगठा आता चारही वेळा हलतो, पण चौथा झटका पहिल्यापेक्षा कमजोर आहे. सैल करणाऱ्या औषधाचा उरलेला असर उतरवायला निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेट शिरेतून जातं. मॅडम घाई करत नाहीत. चौथा झटका पहिल्याच्या किमान ९० टक्के झाल्याशिवाय नळी काढायची नाही. श्वासाचा पडदा हट्टी, तो लवकर सावरतो. घशाचे स्नायू मागे राहतात आणि थुंकी फुप्फुसात जाऊ शकते. "डोळ्याने बघून हा फरक कळत नाही. लहान नर्सिंग होममध्ये हे यंत्र नसतं, तिथे 'मान उचलून पाच सेकंद धरा' यावरच काम भागवतात." स्क्रीनवर ९३ येतं. नळी निघते. काकू खोकतात आणि डोळे किलकिले करतात.

दुपारी टेबलावर दुसऱ्या ताई. स्तनाचा कॅन्सर. या वेळी सैल करणारं औषध नळी घालण्यापुरतं एकदाच. काखेतल्या गाठी काढताना सर्जनला नसांना स्पर्श करून स्नायू हलतो का ते बघायचंय, त्यामुळे इथे स्नायू जागे हवेत.

सर्जन सुरी मागत नाहीत. आधी ०.५ टक्के लिग्नोकेनची सिरिंज घेऊन ते गाठीच्या सगळ्या बाजूंनी टोचतात आणि मग हात छातीशी धरून उभे राहतात. घड्याळाकडे सगळ्यांची नजर. ७ ते १० मिनिटं थांबायचं. हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं देणं. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने टाटा मेमोरियल आणि देशातल्या इतर केंद्रांनी २०११ पासून सुमारे १६०० स्त्रियांवर या इंजेक्शनची चाचणी केली आणि २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त ती छापून आली. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनविना ८२.६ टक्के होतं, इंजेक्शनने ८६.६. जिवंत असलेल्यांचं ८६.४ वरून ९०.१. दात काढताना वापरतात तेच हे स्वस्त औषध. ते नसांप्रमाणे कॅन्सरपेशींवरचे सोडियमचे मार्गही बंद करतं आणि म्हणून कापण्याच्या धक्क्याला त्या पेशी प्रतिसाद देत नाहीत, असा संशोधकांचा तर्क आहे.

"माझ्या नळ्या सगळ्या शरीराची समजूत घालायला जातात, ही सुई फक्त गाठीशी बोलते," मॅडम म्हणतात. "कदाचित तिथेच फरक असेल."

साडेचारला रिकव्हरीच्या दाराशी काकूंचा मुलगा उभा आहे. "मॅडम, आई शांत होती ना?"

"झोपली होती. शांत नव्हती."

तो गोंधळतो. साखर वाढलीय असं सिस्टर म्हणाल्या, मधुमेह झाला का? नाही, मॅडम सांगतात, ही ऑपरेशनची साखर, बहुतेकदा काही दिवसांत उतरते, आम्ही मोजत राहू. पण शरीराची लढाई अजून सुरू आहे. १९३० च्या दशकात ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला, तेव्हा कळलं की जखम एका पायाला असली तरी झीज अख्ख्या अंगातल्या स्नायूंची होते. "सकाळी आम्ही जे स्नायू सैल केले, तेच आता शरीर मोडून खाणार. म्हणून उद्या त्यांना खुर्चीत बसवायचं, चालवायचं, घोट घोट पाजायचं. आणि दुखलं की लगेच सांगायला सांगा. सोसत बसल्या तर पुन्हा तेच चक्र सुरू होईल आणि माझं सकाळपासूनचं काम पाण्यात."

"ती नाही सांगणार," मुलगा म्हणतो. "सहा महिने पोटात दुखत होतं, तेव्हा तरी कुठे सांगितलं?"

मॅडमचा फोन वाजतोय. डोंबिवलीत एका नर्सिंग होममध्ये अपेंडिक्स थांबलंय. पर्स खांद्याला अडकवत त्या म्हणतात, "मग तुम्ही विचारायचं. दर दोन तासांनी. 'बरं आहे का' असं नाही विचारायचं, त्याला त्या 'हो'च म्हणतील. शून्य ते दहा, किती दुखतंय, आकडा मागायचा. चारच्या वर गेला की सिस्टरना हाक मारायची."