संगणकाचा तास आणि मुलांचे डोळे

प्राथमिक शाळेत संगणक शिकवावा की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून ‘बीबीसी मायक्रो’ जातीचे संगणक निवडक शाळांत आले, तेव्हा ते माध्यमिक व उच्च माध्यमिकच्या मुलांसाठी होते. आज तिसरी-चौथीतली मुले संगणकावर चित्र काढतात, फोटो उघडतात, हवा तेवढा भाग कापून घेतात, अंधारा फोटो उजळ करतात. त्यात वाईट काही नाही. मात्र नंदनवन, हिवरीनगर, जगनाडे चौक या भागातले पालक दवाखान्यात येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात, “डॉक्टरसाहेब, याने पोराचे डोळे तर बिघडणार नाहीत ना?” आज याच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणकाच्या पडद्यातून डोळे जाळणारे ‘किरण’ बाहेर पडत नाहीत. त्रास होतो तो दुसऱ्याच कारणांनी. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील भिंग फुगीर करणारा एक लहानसा स्नायू सतत आकसलेला राहतो. शिवाय एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी पडद्याकडे टक लावून पाहताना निम्म्याहूनही कमी वेळा लवते. त्यामुळे डोळ्यावरचा ओलावा सुकतो. मग डोळे चुरचुरतात, लाल होतात, कपाळ दुखते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन बसण्याची सवय आहे, तिने त्यात भर पडते. थोडी विश्रांती मिळाली की हा त्रास जातो, तो कायमचा नसतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. तो खर्च करू नये.

खैराटच्या शाळेचा धडा

रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाडा येथे २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची वीसेक मुले. प्रत्येकाच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा संगणक आला. त्यात चित्र काढण्याची सोय होती आणि फोटो घेण्यासाठी कॅमेराही होता. ती योजना पुढे मागे पडली, पण एका गोष्टीकडे वैद्यकीय नजरेने पाहण्यासारखे आहे. ते यंत्र मुलाच्या मापाने घडवले होते. वजन जेमतेम दीड किलो, कळा लहान बोटांच्या बेताच्या आणि पडदा भर उन्हातही वाचता येईल असा. म्हणजे मूल ते घेऊन अंगणातही बसू शकत होते.

आपल्या बहुतेक शाळांत नेमके उलटे घडते. टेबल, खुर्ची, पडदा, माऊस सारे मोठ्या माणसाच्या मापाचे असते आणि आठ वर्षांच्या मुलाला त्यात बसवले जाते. पाय लोंबकळतात, मान वर करून पाहावे लागते, खांदे कानाला टेकतात. एका संगणकावर तिघे बसले की कडेची दोन मुले अख्खा तास मान वळवून काढतात. “मान दुखते, पाठ दुखते” अशी या वयात न शोभणारी तक्रार इथून सुरू होते.

यावर उपाय स्वस्त आहेत. पायाखाली लाकडी पाट किंवा वीट ठेवावी. पाठीशी उशी द्यावी. पडद्याची वरची कड मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. पडदा आणि डोळे यांत मुलाच्या हाताइतके अंतर राहावे. खिडकी किंवा ट्यूबलाइट पडद्यात चमकत असेल तर टेबल फिरवावे. एका संगणकावर दोनच मुले बसवावीत आणि दर दहा मिनिटांनी त्यांच्या जागा बदलाव्यात. विजेच्या जोडणीला अर्थिंग आहे की नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः उभे राहून तपासून घ्यावे.

किती वेळ?

केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक सूचना काढली. तिच्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोनच वर्ग सांगितले होते. संगणकाच्या तासालाही हे माप लावता येते. त्यातही सलग वीस मिनिटे झाली की मुलांना उठवावे आणि खिडकीतून वीस फुटांपलीकडचे झाड वीस सेकंद पाहायला लावावे. या वेळात तो आकसलेला स्नायू सैल पडतो.

खरी चिंता जवळच्या नजरेची आहे, म्हणजे ज्या दोषात लांबचे धूसर दिसते आणि उणे नंबरचा चष्मा लागतो, त्याची. मूल बंद खोलीत जितके जास्त वाढते, तितका हा दोष वाढतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना हा दोष जडला होता, तर उघड्यावर खेळलेल्या मुलांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. औषध नाही, खर्च नाही, केवळ दिवसाच्या उजेडाचा हा गुण.

म्हणूनच फोटोचे शिक्षण मला इतर संगणक-शिक्षणापेक्षा बरे वाटते. त्याचा निम्मा तास बाहेर घेता येतो. मुलांनी आधी मैदानात जावे. कडुलिंबाची पाने, मुंग्यांची रांग, पाणपोईवरचा माठ यांचे फोटो काढावेत आणि मग आत येऊन त्यांवर काम करावे. नागपूरचा उन्हाळा लक्षात घेता मार्चनंतर हे काम सकाळच्या पहिल्या तासातच उरकावे आणि मुलांना टोपी व पाण्याची बाटली सोबत घ्यायला सांगावे.

शिक्षकांनी पाहावे असे काही

संगणकाचा वर्ग म्हणजे डोळे तपासण्याची आयती संधी आहे. कोणते मूल पडद्याला नाक लावून बसते, कोण मान तिरपी करते, कोण एक डोळा मिटून पाहते, हे बाईंना किंवा सरांना एका तासात कळते. अशा मुलाला रागावू नये, त्याच्या पालकांना बोलवावे.

यात घाई करण्याचे कारण ‘आळशी डोळा’ हे आहे. एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा डोळा तिरळा असला, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र नाकारू लागतो. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे मूल तक्रार करत नाही. त्याला आपले काही चुकते आहे याचा पत्ताच नसतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी बांधून ही नजर बहुधा परत आणता येते. वय जसजसे पुढे जाते, तसतसा उपचाराचा गुण कमी होत जातो. मोठेपणी मग कोणताही चष्मा उपयोगी पडत नाही. दुसरी-तिसरीचे वर्ष म्हणजे हातातून निसटत चाललेली वेळ आहे.

घरी एक सोपी परीक्षा घ्यावी. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर मुलाला उभे करावे. तळहाताने एक डोळा न दाबता झाकावा आणि आकडे वाचायला सांगावे. मग दुसरा डोळा झाकावा. दोन डोळ्यांत फरक जाणवला तर त्याच आठवड्यात मेडिकल किंवा मेयोच्या नेत्र विभागात न्यावे. फरक नसला तरी शाळेतली तपासणी चुकवू नये. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

रंगांचेही तसेच. एखादा मुलगा झाडाची पाने तपकिरी रंगवतो, हिरवा आणि लाल यांत गोंधळतो आणि वर्ग हसतो. हा वेंधळेपणा नसून रंगांधळेपणा असू शकतो. आईकडून मुलाकडे येणारा हा जन्मजात दोष मुलींत क्वचित आढळतो. त्यावर औषध नाही आणि त्याने अभ्यासही अडत नाही. पण रेल्वेचालक, वैमानिक अशा नोकऱ्यांसाठी तो अडसर ठरतो, म्हणून लवकर कळलेला बरा.

चेहऱ्याला हात लावू नका

आता मनाच्या आरोग्याविषयी. फोटो बदलण्याचे तंत्र हाती आले की मुले पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळतात. रंग गोरा करणे, नाक लहान करणे त्यांना गंमत वाटते. पण आठ-नऊ वर्षांची मुलगी रोज आपला ‘सुधारलेला’ चेहरा पाहू लागली की आरशातला चेहरा तिला आवडेनासा होतो. दहाव्या वर्षी “मला गोरे व्हायचे क्रीम द्या” म्हणणारी मुले याच वाटेने येतात. अशा मलमांत कधीकधी स्टिरॉइड असते आणि त्याने कातडी कायमची बिघडते. म्हणून प्राथमिक वर्गात झाडे, प्राणी, वस्तू यांचेच फोटो द्यावेत. शिक्षकांनी एक फोटो मुलांसमोर बदलून दाखवावा आणि विचारावे, “आता हा खरा आहे का?” फोटो खोटे बोलू शकतो, हे लहानपणी कळलेले मूल पुढे सहजी फसत नाही.

कोणाचाही फोटो त्याला न विचारता काढायचा नाही, बिघडवायचा नाही आणि कोणाला पाठवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. आपल्या मुलाच्या फोटोशी कोणी खोडसाळपणा केल्यास मुलाला दोष देऊ नये. बाल मदतवाणीचा क्रमांक १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० असा आहे.

शेवटी औषधांविषयी. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणून घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असल्यास काही आठवड्यांत काचबिंदू आणि पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो. स्वच्छ गार पाण्याने चेहरा धुवा, पापण्या मुद्दाम लववा, अर्धा तास मैदानात खेळा. दोन दिवसांत आराम पडला नाही, डोळा दुखू लागला किंवा नजर कमी वाटली, तर डॉक्टरांना दाखवा.