तेलाचा जमाखर्च

मोटारीच्या इंजिनातील तेल बदलणे ही क्रिया गॅरेजच्या बिलावर एका ओळीत आटोपते. परंतु तीच आपल्या दारात, आपल्या हातांनी करू लागले म्हणजे त्या ओळीच्या पोटात किती व्यवहार दडलेले असतात याचा प्रत्यय येतो, आणि इंजिनात किती तेल गेले व त्यातून किती परत आले हा हिशेब, जो बिलावर कधीच उमटत नाही, तो प्रथमच मालकाच्या नजरेखालून जातो.

आमच्या पुण्यातील सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम मी रविवारी सकाळी आरंभितो. प्रथम इंजिन थोडा वेळ चालवून घ्यावे, कारण थंड तेल दाट असते आणि त्यातील मळ तेलाच्या चेंबरच्या तळाशी बसून राहतो, तर कोमट तेल आपल्याबरोबर गाळही वाहून आणते. मात्र लांबचा प्रवास करून आलेल्या, तापून लाल झालेल्या इंजिनाखाली तत्काळ हात घालण्याचे साहस कोणी करू नये. गाडी जॅकने उचलल्यावर तिचा भार लोखंडी स्टँडांवर सोपविल्यावाचून आणि मागच्या चाकांना ठोकळे लावल्यावाचून खाली शिरणे हा तर निव्वळ अविचार होय. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. हा भेद न जाणल्यामुळे माणसे प्राणास मुकली आहेत.

चेंबरच्या बोल्टशी पहिली गाठ पडते. पान्याने तो सैल झाला की उरलेले आटे बोटांनीच सोडवावेत, आणि सोडविताना बोल्ट आत दाबून धरावा, म्हणजे अखेरचा आटा सुटेपर्यंत तेल अंगठ्याभोवती झिरपत नाही. मग एका झटक्यात हात बाजूला घ्यावा. धार प्रारंभी चांगली दूरवर झेपावते आणि आतील तेल ओसरेल तशी मागे सरत सरत थेट बोल्टाच्या खाली येते, म्हणून घमेलेही तिच्यामागून सरकवीत राहावे लागते. नवख्याचे अर्धे तेल जमिनीवर जाते ते याच ठिकाणी.

आता त्या काळ्या रंगाविषयी. गॅरेजमधला मिस्त्री दोन बोटांमध्ये थेंब चोळून ‘साहेब, पार जळालंय’ असा निकाल देतो, आणि आपण त्या निकालापुढे मान तुकवितो. वस्तुतः तेलात हेतुपुरस्सर अशी द्रव्ये मिसळलेली असतात की ज्यांनी काजळी व मळ इंजिनाच्या भिंतींवर चिकटू न देता तेलातच तरंगत ठेवावा. सबब तेल काळे पडणे हे पुष्कळदा त्याच्या नादानीचे नव्हे, तर कर्तव्यदक्षतेचे लक्षण असते. कंपनीच्या पुस्तिकेतील किलोमीटर आणि महिने, यांतील जी मुदत आधी भरेल ती प्रमाण मानावी. रंगाची साक्ष ग्राह्य धरू नये. घमेल्यात खरोखर पाहायचे ते वेगळेच: उन्हात धरल्यावर धातूची चकाकी दिसते काय, आणि तेलाला दुधाळ झाक आली आहे काय. पहिली झीज सुचविते, दुसरी पाणी शिरल्याचा संशय उत्पन्न करते.

फिल्टर हे या यंत्रणेतील सर्वांत उपेक्षित पात्र. 1923 मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड या अमेरिकन संशोधकाने मोटारीसाठी तेलाचा फिल्टर सिद्ध केला, त्यापूर्वीच्या गाड्यांत तेल वरचेवर फेकून देण्याखेरीज फारसा इलाज नव्हता. आजच्या डब्यात घडीदार कागद असतो. तेल कडेच्या छिद्रांतून आत येते, कागदातून गाळले जाऊन मधल्या मोठ्या छिद्रातून इंजिनाकडे रवाना होते, आणि कागद तुंबलाच तर एक झडप उघडून न गाळलेले तेल तसेच पुढे सोडते, कारण तेलावाचून राहण्यापेक्षा इंजिनाला मळके तेल परवडते. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. एकावर एक दोन कड्या बसल्या की तेल दाबाखाली फवाऱ्यासारखे बाहेर पडते. नव्या कडीला तेलाचे बोट लावावे, फिल्टर हाताने आवळावा, आणि कडी टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा द्यावा. इथे पान्याचा जोर दाखविण्याची हौस नडते. बोल्टाचेही तेच: नवा वायसर घालून बेताने आवळला तर वर्षभर थेंब गळत नाही, अंगबळाने आवळला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, आणि शे-दोनशे रुपयांची काटकसर हजारांच्या दुरुस्तीत बुडते.

नवे तेल नरसाळ्याने ओतून, इंजिन क्षणभर चालवून, तेलाच्या दाबाचा दिवा विझल्याची खात्री करून आणि थोडे थांबून डिपस्टिक पाहिली की शास्त्र संपले. माझा रस मात्र यापुढे सुरू होतो. घमेल्यातील तेल मी खुणा केलेल्या कॅनमध्ये गाळून मोजतो. मागल्या खेपेस तीन लिटर घातले असून आज अडीचच निघाले, तर फिल्टरमध्ये अडकलेला भाग वजा जाता उरलेले इंजिनाने खाल्ले किंवा कोठेतरी गळले. गॅरेजात हा आकडा पिंपात नाहीसा होतो, आणि मालकाला इंजिनाच्या भुकेची वार्ता धूर दिसू लागल्यावरच कळते.

उरतो तो कॅनचा बंदोबस्त. शेजाऱ्यांना ते तेल दाराच्या वाळवीसाठी हवे असते, बांधकामाच्या ठेकेदाराला सेंट्रिंगच्या फळ्यांसाठी, आणि सोसायटीचे एक सन्मान्य सभासद तर ते सरळ नाल्यात सोडण्याचा सल्ला देतात. नाला मुठेला मिळतो ही गोष्ट त्यांच्या दप्तरी नाही. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जावयास हवे, म्हणून तशी व्यवस्था असलेल्या एका गॅरेजकडे मी कॅन पोहोचवितो. तेथील माणूस तेलाचे पैसे देत नाही, मीही मागत नाही. रात्रभर उपडा ठेवून निथळलेला फिल्टर तो भंगारात घेतो, आणि त्यातून थेंब गळताना दिसला तर निमूटपणे माझ्याच हाती परत देतो.