देशाचा चौथा हिस्सा खरंच जंगल आहे का?

भारताचा चौथा हिस्सा जंगलाखाली आहे, हे वाक्य भाषणांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सर्रास भेटतं. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात २५.१७ टक्के हा आकडा आहे खरा, पण त्यातले ३.४१ टक्के म्हणजे बांधावरची, परसातली, हेक्टरभरही न भरणाऱ्या तुकड्यांतली झाडं. ती वगळली की वनाच्छादन उरतं २१.७६ टक्के.

हे तरी सगळं जंगल असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात निकष एवढाच, की जागा किमान एक हेक्टर हवी आणि तिच्या दहा टक्क्यांहून अधिक भागावर झाडांच्या फांद्या-पानांचं छत्र हवं. झाडं कसली, लावलेली की आपसूक उगवलेली, जमीन कुणाची, हे बघितलंच जात नाही. लक्षद्वीपचं वनाच्छादन ९१ टक्क्यांच्या वर दिसतं ते नारळांमुळे. देवगडची आंब्याची बागही याच हिशेबात बसते. दोडामार्ग भागात ऐन-किंजळाचं रान साफ करून रबर लावलं गेलं. त्याची पानं दाटली की उपग्रहाच्या चित्रात तो डोंगर पुन्हा हिरवा. आत शिरून पाहावं तर सरळ रांगा, ना वेली, ना झुडपं, ना धनेशाला ढोलीसाठी एखादा जुना वृक्ष. कागदावर मात्र काहीच घटलेलं नसतं, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

छत्र सत्तर टक्के किंवा त्याहून दाट असेल तरच अतिघनदाट वन म्हणतात. असं वन देशात जेमतेम ३.१२ टक्के आहे. ४० ते ७० टक्के छत्राचं मध्यम घनदाट वन ९.३६ टक्के आणि बाकीचं विरळ. बातमीच्या मथळ्यात खरं तर तो पहिला आकडा यायला हवा. २०२१च्या तुलनेत हिरवं क्षेत्र १,४४५ चौरस किलोमीटरनं वाढल्याचं गाजलं. त्यात वनाच्छादनाचा वाटा फक्त १५६ चौरस किलोमीटरचा होता.

वनखात्याची जमीन म्हणजे जंगल, हाही असाच एक समज. राखीव, संरक्षित आणि अवर्गीकृत ही कायद्यानं केलेली प्रतवारी आहे, झाडांच्या दाटीशी तिचा संबंध नाही. नोंदीतलं हे वनक्षेत्र देशात २३.५९ टक्के आहे. त्यात बर्फाळ शिखरंही येतात आणि उघडे माळही. उलट रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीचशी झाडी खासगी मालकीची आहे.

आणि माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. सोलापूरजवळच्या नान्नजचं गवताळ रान माळढोकासाठी राखलं गेलं. काळवीट आणि लांडगे तिथे आजही नांदतात. अशा माळावर खड्डे खणून दाट झाडं लावली, तर वनाच्छादनाचा आकडा वाढेल आणि उघड्या रानात वावरणाऱ्या या जनावरांची जागा जाईल.